पित्याचे अंतिम वचन आणि पुत्राचा वारसा : बायबलातील परंपरा व तिचा मराठी प्रवास

१. विषयप्रवेश

मरणोन्मुख पित्याने पुत्रांना जवळ बोलावून केलेला शेवटचा उपदेश ही गोष्ट बहुतेक सर्व प्राचीन वाङ्मयांत आढळते. घर, शेत, गुरे, दागिने यांची वाटणी स्मृतिकारांच्या किंवा कायद्याच्या नियमांनी होऊ शकते. परंतु पित्याची श्रद्धा, त्याने आरंभिलेले व अपुरे राहिलेले कार्य, त्याच्या आयुष्यातून निष्पन्न झालेला विवेक यांची वाटणी करणारा नियम कोणत्याही धर्मशास्त्रात सापडत नाही. असा वारसा केवळ शब्दाने दिला जातो, आणि तो टिकला की नाही हे देणाऱ्याच्या मृत्यूनंतरच ठरते.

बायबलाच्या जुन्या करारात या प्रकारचे प्रसंग जितक्या संख्येने आणि जितक्या वैविध्याने आले आहेत, तितके अन्यत्र क्वचितच आले असतील. या प्रसंगांचे स्वरूप प्रथम पाहून नंतर ती परंपरा मराठी भाषेत व मराठी कुटुंबांत कशी उतरली याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार नागपूरच्या अभ्यासकास परका वाटू नये. कारण या प्रवासातील एक निर्णायक टप्पा नागपूर व राजनांदगाव यांच्या दरम्यानच्या आगगाडीत घडला.

२. बायबलातील पाच प्रसंग

पहिला प्रसंग इसहाकाचा. उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायात वृद्ध व अंध इसहाक ज्येष्ठ पुत्र एसाव यास आशीर्वाद देण्याची सिद्धता करतो. परंतु माता रिबका हिच्या योजनेने धाकटा याकोब हातांस करडांची कातडी गुंडाळून पित्यासमोर येतो आणि आशीर्वाद घेऊन जातो. एसाव परत येऊन आक्रोश करतो, तरीही दिलेला शब्द मागे घेता येत नाही. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. ज्येष्ठत्वाचा हक्क एसावाने मसुरीच्या आमटीच्या मोबदल्यात पूर्वीच विकलेला होता. म्हणजे हक्क हा विक्रीयोग्य होता. आशीर्वाद मात्र विकण्याजोगा नव्हता, तो उच्चारावाच लागे; आणि एकदा उच्चारल्यावर पित्याच्याही अधिकाराबाहेर जाई.

दुसरा प्रसंग त्याच याकोबाच्या मरणसमयीचा. योसेफाचे दोन पुत्र मनश्शे व एफ्राइम यांना आशीर्वाद देताना तो हात उलटसुलट ठेवतो व उजवा हात धाकट्याच्या मस्तकावर येतो. योसेफाने हरकत घेतली तरी तो ऐकत नाही. ज्याने स्वतः ज्येष्ठाचा आशीर्वाद फसवणुकीने मिळवला, तोच आता उघड्यावर धाकट्यास पुढे करतो. त्यानंतरच्या अध्यायात बारा पुत्रांना उद्देशून आलेले काव्य आहे. त्यास आशीर्वाद म्हणण्याची रूढी असली तरी त्यात निंदाही तितकीच आहे. रऊबेनाला त्याच्या अस्थिरपणाबद्दल ज्येष्ठत्व नाकारले जाते. शिमोन व लेवी यांच्या हिंसेचा धिक्कार होतो. राजदंड यहूदाकडे आणि समृद्धी योसेफाकडे जाते. शेवटी आपल्याला मिसर देशात न पुरता मकपेलाच्या गुहेत, पूर्वजांजवळ पुरावे, अशी निश्चित आज्ञा याकोब देतो.

तिसरा प्रसंग योसेफाचा. तो भूमी किंवा द्रव्य यांचा उल्लेखही करीत नाही. इस्राएल लोक मिसर देशातून निघतील तेव्हा आपल्या अस्थी बरोबर न्याव्यात एवढीच शपथ घेववितो. निर्गमाच्या कथेत मोशे त्या अस्थी बरोबर घेतो आणि यहोशवाच्या ग्रंथाच्या शेवटी त्या शखेम येथे पुरल्या जातात. एका माणसाचे शेवटचे वचन अनेक पिढ्यांनी पाळल्याची ही नोंद तीन वेगवेगळ्या ग्रंथांत विखुरलेली आहे, आणि त्या ग्रंथांना जोडणारा एक धागाच तिने निर्माण केला आहे.

चौथा प्रसंग दावीदाचा असून तो सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. पहिल्या राजांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात दावीद शलमोनास प्रथम देवाच्या नियमांनी चालण्याचा उपदेश करतो आणि लगेच यवाब व शिमी यांना सुखाने मरू देऊ नये असे सुचवितो. बर्जिल्लयाच्या पुत्रांवर मात्र कृपा करावयास सांगतो. धर्मोपदेश, कृतज्ञता आणि सूड हे तिन्ही एकाच श्वासात पुत्राच्या हवाली केले जातात. शलमोन सूडाचा भाग तत्परतेने पार पाडतो. याच राजाचा अंतकाळ इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात पुन्हा वर्णिला आहे. तेथे सूडाचा मागमूसही नाही. तेथील दावीद पुत्राच्या हाती मंदिराचा आराखडा देतो आणि जे आपल्या हातून झाले नाही ते पूर्ण करण्यास सांगतो. इतिहासग्रंथाचा कर्ता निर्वासनानंतरच्या काळातला. त्याच्या समाजापाशी सिंहासन उरले नव्हते, मंदिर होते. म्हणून त्याने पित्याच्या वारशातून तलवार वगळली व आराखडा ठेवला.

पाचवा प्रसंग तुलनेने अल्पपरिचित आहे. यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायात रेखाबी कुळातील लोकांसमोर द्राक्षारस ठेवला जातो व ते तो नाकारतात. आपला पूर्वज योनादाब याने द्राक्षारस पिऊ नये, घरे बांधू नयेत, शेती करू नये, तंबूंतच राहावे अशी आज्ञा दिली होती, एवढेच कारण ते देतात. हा पूर्वज होऊन दोन शतकांहून अधिक काळ लोटला होता. यिर्मया त्या आज्ञेच्या गुणावगुणांची चर्चा करीत नाही. ती पाळली गेली, याचेच तो कौतुक करतो.

३. अंतिम वचनाची विश्वसनीयता

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक प्रश्न उपस्थित करणे अगत्याचे आहे. मरणसमयीचे हे शब्द खरोखर त्या त्या पित्याचे मानावेत काय?

या प्रश्नाची जाणीव बायबललाही आहे. याकोबाच्या मृत्यूनंतर भयभीत झालेले भाऊ योसेफास निरोप पाठवतात की, आमच्या अपराधांची क्षमा करावी अशी पित्याची आज्ञा होती. तत्पूर्वीच्या कथेत अशी आज्ञा कोठेही आलेली नाही. यहुदी परंपरेतील पंडितांनी ही विसंगती हेरली आणि कलह टाळण्याकरिता शब्दांत बदल करणे क्षम्य आहे, असा निष्कर्ष तीवरून काढला. म्हणजे पित्याचे अंतिम वचन पित्याच्या पश्चात पुत्र रचू शकतात, ही शक्यता मूळ ग्रंथातच नमूद आहे. याकोबाच्या बारा पुत्रांना उद्देशून आलेले काव्यही आधुनिक संशोधकांच्या मते पुढील काळातील वंशांची स्थिती दर्शविणारे आहे. यहूदाचे प्रभुत्व प्रस्थापित झाल्यावर ते मूळ पुरुषाच्या मुखी घातले गेले.

महाराष्ट्राच्या इतिहासात याला नेमका समांतर असा दाखला आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे बखर लिहिली. शिवाजीमहाराजांचे निधन १६८० च्या एप्रिल महिन्यात झाले आणि बखर त्यानंतर सुमारे सतरा वर्षांनी सिद्ध झाली. तीत महाराजांचे अंतकाळचे भाषण विस्ताराने दिले असून पुढे घडलेल्या अनेक घटना भाकितरूपाने त्यात आल्या आहेत. ज्या पुत्राच्या आज्ञेवरून बखर लिहिली गेली, त्या पुत्रास अनुकूल असे हे भाषण आहे. त्यावरून सभासदाने खोटे लिहिले असा आरोप करणे उचित होणार नाही. अंतिम वचन ही एक वाङ्मयीन रीती आहे आणि उत्तरकाळ तीतून आपल्या अधिकाराचे मूळ शोधतो, एवढाच बोध यातून घ्यावयाचा.

उलट, जेथे वचन नि:संशय उच्चारले गेले तेथेही ते टिकतेच असे नाही. नागपूरकर जानोजी भोसले यांनी पुतण्या रघूजी यास वारस ठरविले होते. परंतु १७७२ मध्ये त्यांचा मृत्यू होताच मुधोजी व साबाजी या बंधूंत कारभाराविषयी कलह लागला आणि १७७५ च्या जानेवारीत पाचगावच्या रणांगणावर साबाजी मुधोजीच्या हातून मारला गेला. देणाऱ्याची इच्छा स्पष्ट होती. घेणाऱ्यांची संमती नव्हती.

४. भारतीय परंपरेतील संप्रत्ती

अंतिम वचनाच्या या दुर्बलतेवर उपनिषदांनी एक विधी योजून उत्तर दिले आहे, आणि बायबलाशी तुलना करताना तो विधी विशेष उद्बोधक ठरतो. बृहदारण्यकाच्या पहिल्या अध्यायात त्यास संप्रत्ती हे नाव आहे. कौषीतकी उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात तो पितापुत्रीय संप्रदान म्हणून येतो. कौषीतकीतील वर्णनानुसार मरणोन्मुख पिता नवे गवत अंथरवितो, अग्नी सिद्ध करवितो, जलपात्र ठेववितो आणि पुत्रास बोलावून आपली वाणी, प्राण, चक्षू, श्रोत्र, कर्मे व प्रज्ञा क्रमाने त्याच्या ठायी ठेवीत असल्याचे सांगतो. प्रत्येक वेळी पुत्र ती आपण धारण करीत असल्याचे प्रतिवचन देतो. प्रतिवचनाशिवाय संप्रदान पूर्ण होत नाही. पिता पुढे बरा झालाच, तर त्याने पुत्राच्या आधिपत्याखाली राहावे अथवा परिव्राजक व्हावे, असेही तेथे सांगितले आहे. कारण दिलेले परत घेता येत नाही. इसहाकाच्या आशीर्वादाचा नियम येथे दुसऱ्या भूमीवर पुन्हा भेटतो.

बृहदारण्यकाने दिलेली पुत्र या शब्दाची उपपत्तीही महत्त्वाची आहे. पित्याकडून जे काही चुकून करावयाचे राहिले असेल त्यातून पुत्र त्याला सोडवितो, म्हणून तो पुत्र होय. नरकापासून तारणारा या प्रचलित व्युत्पत्तीहून ही कल्पना अधिक व्यापक आहे. पुत्र म्हणजे पित्याच्या अपूर्णतेचा उत्तराधिकारी. इतिहासग्रंथातील दावीद शलमोनाच्या हाती न बांधलेल्या मंदिराचा आराखडा देतो, तो याच अर्थाने.

दोन्ही परंपरांतील भेदही तितकाच ठळक आहे. उपनिषदांतील संप्रत्तीत पुत्रापुत्रांत निवड नाही, निंदा नाही, भविष्यकथन नाही. देहातील शक्तींचे संक्रमण आहे. बायबलातील पिता मात्र निवड करतो, आणि ती बहुधा रूढ क्रमाच्या विरुद्ध असते. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात नावडत्या स्त्रीच्या ज्येष्ठ पुत्राचा दुप्पट वाटा हिरावून घेऊ नये असा निर्बंध आहे. पण मूळ पुरुषांच्या कथांत आध्यात्मिक वारसा वारंवार धाकट्याकडेच जातो. द्रव्याचा वारसा नियमाने आणि श्रद्धेचा वारसा निवडीने, अशी ही विभागणी आहे. एलीयाचा शिष्य अलीशा ज्येष्ठ पुत्राचा तो दुप्पट वाटाच मागतो, परंतु गुरूच्या आत्म्याचा. आणि गुरू अदृश्य होताना त्यास पिता म्हणूनच हाक मारतो. येथे रक्तसंबंधाची अट गळून पडते.

५. मराठीत आलेला वारसा

ही कथापरंपरा मराठीत प्रथम मोठ्या प्रमाणावर आणली ती इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी. ते १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले. ओवीबद्ध असलेल्या या ग्रंथाचे पहिले पुराण जुन्या कराराच्या कथाभागावर आधारलेले आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांना पूर्वजांच्या पुराणांस मुकावे लागले होते. त्यांच्या हाती दुसऱ्या पूर्वजांचे पुराण, परंतु त्याच छंदात व त्याच भाषेत दिले गेले. पूर्वज बदलले, ओवी राहिली. या घटनेतील लाभ आणि हानी दोन्ही इतिहासकाराने नोंदविली पाहिजेत.

याहून स्वाभाविक असा दुसरा प्रवाह कोकणातील बेने इस्राएल समाजाचा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली या नावाने ओळखला जाणारा हा समाज पिढ्यानुपिढ्या मराठी बोलत आला. त्याने अब्राहाम, इसहाक व याकोब यांचे स्मरण आणि शब्बाथाचे पालन जपले होते. हिब्रू भाषेचे ज्ञान मात्र बरेचसे लोपले होते. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाचा हग्गादा हा ग्रंथ १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला, आणि १८७४ मध्ये पुणे येथे त्याची सचित्र आवृत्ती निघाली. या छपाईचे महत्त्व केवळ ग्रंथसूचीपुरते नाही. मिसर देशातून झालेली सुटका पित्याने पुत्रास सांगावी ही निर्गमातील आज्ञा हाच हग्गाद्याचा पाया आहे. मूल प्रश्न विचारते व पिता उत्तर देतो. त्यात चार प्रकारचे पुत्र वर्णिले आहेत: शहाणा, दुष्ट, भोळा आणि प्रश्न विचारताही न येणारा. या चौघांनाही उत्तर द्यावयाचे असते; दुष्ट पुत्राला कठोर उत्तर मिळते, तरी त्यालाही पंक्तीत स्थान आहे. पित्याला मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मुलाला समजेल अशा भाषेत देता आले नाही, तर आज्ञा अक्षरश: पाळली जाऊनही व्यर्थ होते. मराठी भाषांतराने ही अडचण दूर केली. पुढे १८८० च्या सुमारास मुंबईतील बेने इस्राएलांनी कीर्तनाचा प्रकार स्वीकारला आणि मूळ पुरुषांची आख्याने पूर्वरंग-उत्तररंगाच्या परिचित चौकटीत गाऊ लागले.

शेवटचा उपदेश लेखी ठेवण्याची यहुदी परंपरा मध्ययुगापासूनची आहे. बाराव्या शतकातील यहूदा इब्न तिब्बोन याने पुत्र शमुवेल यास लिहिलेला उपदेश प्रसिद्ध आहे. त्यात पुत्राच्या आळसाबद्दल तक्रार आहे आणि आपल्या ग्रंथसंग्रहाची काळजी कशी घ्यावी याच्या बारीकसारीक सूचना आहेत. हाच शमुवेल पुढे मैमोनिदेसच्या महान ग्रंथाचा हिब्रू अनुवादक झाला. तक्रार करणाऱ्या पित्यास हे पाहावयास मिळाले नाही.

६. धर्मांतर आणि वारशाचा भंग

एकोणिसाव्या शतकात या विषयास वेगळेच वळण लागले. आतापर्यंत विचारात घेतलेल्या सर्व उदाहरणांत पिता व पुत्र एकाच श्रद्धेचे होते. पुत्राने पित्याची श्रद्धाच सोडली तर वारशाचे काय होते?

महाराष्ट्रात हा प्रश्न १८४३ मध्ये मुंबईत उभा राहिला. नारायण शेषाद्री याने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनच्या आश्रयास गेला होता. तो अल्पवयी असल्यामुळे सुप्रीम कोर्टाने त्यास पित्याच्या स्वाधीन केले. कायद्याने मुलगा पित्याला परत दिला. पण जातीने त्याला परत घ्यावे की नाही यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्यास शुद्ध करून घेण्याचा पक्ष उचलला आणि सनातनी मंडळींनी त्यास कडवा विरोध केला. पित्यापाशी पुत्र होता, परंतु पुत्राचा अधिकार त्यास देण्याची सत्ता एकट्या पित्यापाशी नव्हती.

सात वर्षांनी, १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने धर्म सोडल्याने अथवा जातीबाहेर पडल्याने वारसाहक्क नष्ट होणार नाही असे ठरविले. त्याविरुद्ध हिंदू समाजातून अर्ज गेले, आणि त्यांमागे केवळ द्रव्यलोभ होता असे म्हणता येणार नाही. वारसा आणि श्राद्ध यांचा संबंध अविभाज्य मानला गेला होता. जो पिंड देत नाही त्याने धन का घ्यावे, हा युक्तिवाद होता. बंगालमधील दायभागात हा संबंध तत्त्वत:च पिंडदानावर उभा आहे. महाराष्ट्रात व नागपूर प्रांतात प्रमाण असलेल्या मिताक्षरेत सपिंडत्व रक्तसंबंधावर आधारलेले असल्यामुळे शास्त्रदृष्ट्या तो तितका बळकट नव्हता. परंतु लोकभावना मिताक्षरेचे सूक्ष्म भेद जाणत नव्हती. कायद्याने द्रव्य आणि धर्मकृत्य यांची फारकत केली. धर्मांतरित पुत्रास घराचा हिस्सा मिळू शकला, पण पित्याच्या चितेस अग्नी देण्याचा अधिकार त्यास उरला नाही. एसावाच्या कथेतील हक्क आणि आशीर्वाद यांची ताटातूट येथे विधिमंडळाच्या शाईने पुन्हा झाली.

भोसल्यांच्या नागपुरात हा प्रश्न याच दशकात येऊन पोहोचला होता. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले व १८६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. त्यांच्या वास्तव्यकाळातच, १८५३ मध्ये, तिसरे रघूजी औरस पुत्रावाचून मरण पावले आणि दत्तकाचा हक्क अमान्य करून राज्य खालसा करण्यात आले. ज्या सत्तेने धर्मांतरित पुत्राचा वारसा मान्य केला, तिनेच निपुत्रिक राजाच्या गादीचा वारसा अमान्य केला, हा विरोधाभास नागपूरच्या इतिहासात एकाच पिढीत सामावला आहे.

७. नारायण वामन टिळक यांचे कुटुंब

या सर्व धाग्यांची गाठ एका मराठी कुटुंबात पडलेली दिसते. नारायण वामन टिळक यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथला. संस्कृताचे जाणकार व कवी म्हणून लौकिक मिळवीत ते नागपुरास आले आणि अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काही काळ येथे राहिले. पुढे राजनांदगाव संस्थानात जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. गिरिप्रवचनाच्या वाचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

या दीक्षेने घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या देवदत्तास घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहू लागल्या. काही वर्षांच्या विरहानंतर त्या पतीकडे परतल्या, तेव्हाही आपले सोवळेओवळे व आपली श्रद्धा सांभाळूनच. त्यांचे मनोमन परिवर्तन क्रमाक्रमाने झाले व १९०० मध्ये त्यांनी स्वत:च्या निर्णयाने दीक्षा घेतली. पतीची आज्ञा म्हणून त्यांनी धर्म बदलला नाही. जे दिले जात होते ते पारखून मग धारण केले. संप्रत्तीतील प्रतिवचन ज्याला म्हणतात ते हेच.

टिळकांनी भजने, अभंग व स्फुट कविता विपुल लिहिल्या. बालकवी ठोंबरे यांना त्यांनी आपल्या घरी पुत्रवत् आश्रय दिला. ख्रिस्ती उपासनेस मराठी संतांचा छंद व भाव देण्याचा त्यांचा ध्यास होता. आपण विदेशी धर्माचे अनुयायी झालो नसून पूर्वजांच्याच भक्तिमार्गाने येथवर आलो, ही त्यांची निष्ठा होती. १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून मुक्त होऊन देवाचा दरबार स्थापन करण्यामागेही तीच होती. ख्रिस्तचरित्रावर ख्रिस्तायन नावाचे महाकाव्य त्यांनी आरंभिले. पण ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा अवघे साडेदहा अध्याय लिहून झाले होते. दावीदाच्या हातून मंदिर राहिले, टिळकांच्या हातून ख्रिस्तायन राहिले.

बायबलातील क्रमाप्रमाणे हे अपूर्ण कार्य पुत्राकडे जावयास हवे होते. ते पत्नीकडे गेले. ज्यांचे औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हते आणि जोडाक्षरांचे लेखन ज्यांना अखेरपर्यंत जड गेले, त्या लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचून ते काव्य सिद्धीस नेले. मूळ पुरुषांच्या कथांत स्त्रिया वारशाच्या कडेला उभ्या असतात; रिबका पडद्याआडून सूत्रे हलविते, बथशेबा राजासमोर पुत्राची बाजू मांडते, परंतु पित्याचा हात त्यांच्या मस्तकावर कधी ठेवला जात नाही. मराठी ख्रिस्ती कुटुंबात तो वारसा स्त्रीने उघडपणे घेतला आणि तो पेलून दाखविला.

पुत्राचे कार्य वेगळ्या स्वरूपाचे ठरले. पित्याचे चरित्र लिहिण्यासाठी देवदत्त टिळकांनी आईस आठवणी सांगण्याचा आग्रह धरला, आणि त्या आग्रहातून स्मृतिचित्रे जन्मास आली. त्यांचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. लक्ष्मीबाई १९३६ च्या फेब्रुवारीत निवर्तल्या. ग्रंथाचा शेवटचा भाग त्यांच्या निधनानंतर आणि ख्रिस्तायन १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे पिता बोलावीत नाही, पुत्र विचारतो. मरणोन्मुख माणसाचे भाषण नाही, जिवंत साक्षीदाराचे निवेदन आहे. हग्गाद्याच्या रात्री पुत्राच्या प्रश्नावाचून कथा सुरू होत नाही, तसेच या घरातही झाले. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी स्मृतिचित्रांच्या संपादनाचे काम पत्करले. विशेष म्हणजे या आठवणींत पतीच्या तापटपणाची, अव्यवहारीपणाची व लहरींची वर्णने निर्मळ विनोदाने आली आहेत. लक्ष्मीबाईंनी इतिहासग्रंथकाराप्रमाणे गैरसोयीचे वगळले नाही. राजांच्या ग्रंथकर्त्याप्रमाणे माणूस जसा होता तसा ठेवला, आणि तरी त्याच्याविषयीचे प्रेम उणावू दिले नाही.

नागपुराशी या कुटुंबाचा संबंध एकदा पुन्हा आला. १९३३ मध्ये येथे भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी लक्ष्मीबाई होत्या. चाळीस वर्षांपूर्वी ज्या नगरात त्या एका आश्रित पंडिताची पत्नी म्हणून राहिल्या, त्याच नगरात त्या एका वाङ्मयपरंपरेच्या प्रतिनिधी म्हणून आल्या.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष संभवतात. पित्याच्या अंतिम वचनास इतिहासात जे सामर्थ्य लाभले, ते देणाऱ्याच्या अधिकारातून आलेले नाही. जानोजी भोसल्यांचा शब्द अधिकारसंपन्न असूनही विफल झाला आणि रेखाबी पूर्वजाचा शब्द कोणतीही सत्ता पाठीशी नसताना शतकानुशतके चालला. दुसरे असे की, घेणारा वारशात निवड करतो. शलमोनाने सूड घेतला, पुढील इतिहासकाराने आराखडा घेतला. पिता दोघांचा एकच होता. म्हणून अंतिम वचनाचा अभ्यास करताना पित्याने काय सांगितले, एवढ्यावर थांबून चालत नाही; कोणत्या पिढीने त्यातले काय स्मरणात ठेवले आणि का, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

तिसरा निष्कर्ष मराठीपुरता आहे. धर्मांतराने पिंड व चिताग्नी यांचा धागा तोडला, तेव्हा पूर्वजांशी असलेला संबंध टिकविण्याचे काम भाषेवर आणि छंदावर येऊन पडले. स्टीफन्सच्या ओवीने, बेने इस्राएलांच्या मराठी हग्गाद्याने व कीर्तनाने, टिळकांच्या अभंगाने ते केले. पुत्र पूर्वजांचे सर्व काही सोडू शकला, त्यांची भाषा त्याला सोडता आली नाही. आणि जे सोडले त्याचा शोकही त्याने त्याच भाषेत केला. धर्मांतरित कुटुंबांच्या आत्मचरित्रांत, पत्रव्यवहारांत व मृत्युपत्रांत या संबंधाची साधने विखुरलेली आहेत. नागपूर व वऱ्हाडातील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांकडील अशा कागदपत्रांचे संकलन झाल्यास द्रव्याच्या वारशाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, श्रद्धेच्या वारशाचा इतिहास लिहिणे शक्य होईल.